अर्ध्या ग्रॅमचं शिसं

"मामा, सशासाठी ह्यातला कोणता चांगला?"

भाच्यानं चार डब्या माझ्यासमोर मांडल्या आणि प्रत्येकीतला एकेक छर्रा स्टीलच्या ताटलीत काढून ठेवला. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातलं त्याचं घर, घरामागं हळदीचं पत्र्याचं गोदाम. औंदाची हळद बाजारात गेली होती, गोदाम रिकामं होतं, तरी भिंतींना, फरशीला आणि आमच्या तळपायांना पिवळा रंग होताच. दसरा होऊन चार दिवस झाले होते. त्यानं सणाला नवी एअरगन घेतली होती. नळी मधून मोडायची, त्या जोरावर आतली स्प्रिंग दाबली जाते, नळीच्या मागच्या तोंडात एक छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची आणि घोडा ओढायचा.

मला विचारण्याचं कारण होतं. कॉलेजात एनसीसीत मी ०.२२ ची रायफल चालवली होती, आणि नंतर बरीच वर्षं हवेच्या रायफलीनं दहा मीटरवरच्या कागदावर नेम धरला होता. मी एका डबीवर बोट ठेवीन, असं त्याला वाटलं होतं. मी म्हटलं, आधी चारही मारून बघू. कागदावर.

छर्रा हा शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंना वापरतो. बारा बोअरच्या काडतुसात भरलेले शिशाचे गोल दाणे, तेही छर्रे. काश्मीरच्या बातम्यांतल्या 'पेलेट गन'मधून सुटतात ते त्याच जातीचे. एका बारात शेकडो दाणे पसरत जातात. एअरगनचा छर्रा एकटा असतो. त्याचा आकार हातात घेऊन पाहिला तर औंढा नागनाथाच्या जिल्ह्यातल्या माणसाला उपमा शोधावी लागत नाही: तो डमरू आहे. पुढं भरीव डोकं, मध्ये बारीक कंबर, मागं पोकळ घेर. सुटलेल्या हवेचा दाब घेरात शिरतो, शिसं मऊ म्हणून घेर फुगतो आणि नळीच्या आतल्या पिळदार खाचांना घट्ट धरतो. त्या पिळानं छर्रा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. कंबर बारीक असल्यामुळं वजन पुढं आणि घेर मागं राहतो. बॅडमिंटनच्या फुलासारखा तो डोकं पुढं ठेवून सरळ जातो. पाऊण सेंटिमीटरच्या आत-बाहेरची ही वस्तू, वजन साधारण अर्धा ग्रॅम. घेर दाबला गेलेला, डबीत खाली पडून चेपलेला छर्रा मी फेकून देतो. तो कुठं जाईल याचा भरवसा नसतो.

ताटलीतल्या चौघांत फरक होता तो डोक्याचा. पहिला चपट्या डोक्याचा. हा स्पर्धेचा छर्रा. कागदात तो पंचनं पाडल्यासारखं गोल, स्वच्छ भोक पाडतो, म्हणून गुण मोजायला सोपा. पण चपटं डोकं हवेला आडवं येतं. पंचवीस मीटरच्या पुढं त्याचा वेग झपाट्यानं उतरतो. दुसरा गोल डोक्याचा. हवा त्याच्या अंगावरून सरकते, वेग टिकतो, लांबवर भोकांचा घोळका आवळ राहतो. ज्या देशांत एअरगननं शिकारीला मुभा आहे, तिथले जाणते बहुतेक हाच निवडतात. तिसरा टोकदार. दुकानात सगळ्यात जास्त खपणारा आणि दिसायला सगळ्यात भीतिदायक. शिशाचं ते टोक नेमकं मध्यावर ओतलं जाणं अवघड, डबीत एकमेकांवर आपटून ते वाकतंही. टोक वाकडं तर वाट वाकडी. चौथ्याच्या डोक्यात खळगा. तो आत शिरल्यावर फुलावा अशी कल्पना, पण फुलायला वेग लागतो, आणि बिनपरवान्याच्या एअरगनचा वेग पंधरा-वीस मीटरवर त्याला फुलवण्याइतका राहत नाही. मग तो नुसता वाईट उडणारा छर्रा होतो.

हे सगळं मी त्याला तोंडी सांगू शकलो असतो. पण तरुण पोरं डोळ्यांनी बघितल्याशिवाय ऐकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. गोदामाच्या एका टोकाला पोत्यांत माती भरून थप्पी लावली, तिच्यापुढं पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. घरातल्या पोरांना बाहेर काढून दाराला आतून कडी घातली. दोघांनी चष्मे लावले. छर्रा कठीण वस्तूवर आपटला की उलटा येतो, आणि अर्धा ग्रॅम शिसं डोळ्याला पुरेसं असतं.

दहा मीटरवर चपट्यानं आणि गोल डोक्याच्यानं आपापली भोकं एकात एक घातली. टोकदार दोन बोटं फाकला. खळग्याच्यानं तर पाचांतले दोन कागदाच्या कडेला नेले. मग दुपारी बांधावर, मागं मातीचा उंच चढ बघून, पंचवीस पावलांवर तेच केलं. चपट्याचा घोळका सैल झाला, गोल डोक्याचा रुपयाच्या नाण्याभोवती राहिला, बाकीचे दोन मोजण्याच्या लायकीचे नव्हते. संध्याकाळी वसमतच्या ओळखीच्या सराफाकडं जाऊन सोनं तोलायच्या काट्यावर प्रत्येक डबीतले दहा-दहा छर्रे तोलले. परदेशी स्पर्धेच्या डबीतले जवळपास एका वजनाचे निघाले. बिननावाच्या स्वस्त डबीत एक दुसऱ्याला जुळेना. सराफानं हसून विचारलं, ह्याचा भाव काय. भाच्यानं डबी उलटी करून किंमत दाखवली आणि गप्प झाला. त्याला कळलं होतं की महाग डबीत पैसे शिशाचे नसतात, सारखेपणाचे असतात.

जर्मनीचे आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन, चेक देशाचे जेएसबी हे कारखाने याच सारखेपणावर उभे आहेत. त्यांच्या स्पर्धेच्या डब्यांवर डोक्याचा व्यास छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर. शतांश मिलिमीटरच्या फरकानं एका नळीला एक डबी मानवते, दुसरी नाही. मोठे नेमबाज रायफल शिकंज्यात आवळून एकेका घाण्याचे छर्रे मारून बघतात आणि मानवलेल्या घाण्याचा वर्षभराचा साठा करतात. आमच्याकडं शिकंजा नव्हता, माझा खांदा होता. म्हणून आमच्या चाचणीला मी शास्त्र म्हणत नाही. पण प्रश्नाचं उत्तर त्यातून निघालं होतं: चौघांत गोल डोक्याचा.

"म्हणजे सशाला हा," भाचा म्हणाला आणि डबी खिशात घालू लागला.

मी त्याला बसवलं. आता हिशेबाचा भाग होता.

आपल्याकडं २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याशिवाय ठेवता येणाऱ्या एअरगनला दोन मर्यादा आहेत. नळी ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ पेक्षा मोठी नको, आणि तोंडाशी छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर नको. साडेपाच मिलिमीटरची, म्हणजे ०.२२ ची एअरगन असेल तर परवाना लागतोच. आता अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २५० मीटर वेगानं निघाला तर त्याची ऊर्जा होते साडेपंधरा ज्यूलच्या आसपास. स्पर्धेची रायफल तर सेकंदाला १७० ते १७५ मीटरच देते. तिथं आठ ज्यूलही भरत नाहीत. एनसीसीतल्या ०.२२ च्या काडतुसाची गोळी १४० ज्यूलच्या घरात असते. आकडे नुसते आकडे वाटू नयेत म्हणून मी त्याला म्हटलं, किलोभर वजनाचा दगड दोन मीटर उंचीवरून पडतो तेव्हा जमिनीवर २० ज्यूल देतो.

मग मी त्याला गोफणीचा हिशेब सांगितला. शंभर ग्रॅमचा गोटा गोफणीतून सेकंदाला ३० मीटरनं सुटला तर ४५ ज्यूल. तुझ्या आजोबांनी माळ्यावर उभं राहून ज्वारीवरच्या भोरड्या उडवल्या त्या गोफणीत तुझ्या बंदुकीच्या दुप्पट-तिप्पट जोर होता. पण त्या गोफणीचं काम मारणं नव्हतंच. तिच्या शेपटाचा फटकारा हवेत फुटायचा आणि थवा उठायचा. शिवारातल्या म्हाताऱ्यांना हत्यार कशासाठी आहे हे ठाऊक होतं.

ऊर्जा कमी म्हणजे छर्रा निरुपद्रवी, असं मात्र नाही, आणि सगळी अडचण इथंच आहे. एवढ्या कमी जोरात दोन-तीन किलोचा ससा जागच्या जागी पडायचा तर छर्रा डोक्यात, कवटीच्या पातळ भागातून मेंदूतच जायला हवा. ती जागा नाण्यापेक्षा मोठी नाही. ससा पंचवीस मीटरवर आहे का पस्तीसवर, हे गवतात कुणी टेप लावून मोजत नाही. तीस मीटरला जुळवलेली बंदूक चाळीसवर चार-पाच सेंटिमीटर खाली मारते. वारा असेल तर आडवं जातं ते वेगळंच. कागदावर चार सेंटिमीटर म्हणजे बुडालेले गुण. सशाच्या अंगावर चार सेंटिमीटर म्हणजे जबडा, मान, पोट. तो पळतो. बाभळीच्या झुडपात, बांधाच्या कपारीत शिरतो आणि तिथं दोन दिवसांनी, कधी चार दिवसांनी मरतो. मारणाऱ्याला वाटतं, नेम चुकला.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मी आठवीत असताना कयाधूच्या काठच्या आमच्या शेतात एका पाहुण्याची एअरगन माझ्या हाती आली. सकाळचं ऊन, कुंपणाच्या निवडुंगाखाली एक तित्तर. मी घोडा ओढला, पिसं उडाली, तित्तर पळालं. मी खूश होतो. लागला होता ना. दुसऱ्या दिवशी ते विहिरीजवळच्या कडब्यात सापडलं. जिवंत होतं. एक पंख मातीत ओढत ते माझ्यापासून लांब जायचा प्रयत्न करत होतं आणि त्याला जाता येत नव्हतं. आजीनं ते पदरात घेतलं. ती मला काही बोलली नाही. तिनं त्याला पाणी पाजायचा प्रयत्न केला, ते संध्याकाळी गेलं. पुढं नेमबाजी शिकताना माझ्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं की न लागलेला नेम परत घेता येतो, लागलेला घेता येत नाही. तेव्हा मला ते तित्तर आठवलं होतं.

भाच्याला मी हे सांगितलं. मग तो म्हणाला, "पण मामा, पूर्वी लोक मारायचेच की."

मारायचे. तेही त्याला नीट सांगायला हवं होतं. हिंगोली ही १९०३ पर्यंत हैदराबाद काँटिंजंटची लष्करी छावणी होती, आणि अशा छावण्यांतल्या अधिकाऱ्यांचा फावल्या वेळचा उद्योग म्हणजे तित्तर-लाव्यांची शिकार. ते बारा बोअर वापरत, एका बारात दाण्यांचा सडा. त्यांच्याही किती आधीपासून फासेपारधी माळावर होते. फासा लावून, तित्तराची हाक हुबेहूब काढून, गाईच्या आडोशानं हरणापर्यंत पोचून ते जी शिकार करत तिच्यात पाखरू हाती जिवंत येई, जखमी होऊन झुडपात मरायला जात नसे. या लोकांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला, गावाच्या नजरेतून अजून पुरता पुसलेला नाही. आज शेजारच्या वाशीम-अकोला भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांनाच सोबत घेऊन तणमोराचं आणि त्याच्या गवताळ माळाचं रक्षण करते. पाखराची वाट ज्याला ठाऊक त्याच्याकडं पाखराची राखण द्यावी, हे मला फार योग्य वाटतं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्याच्या एका परिशिष्टाचं नावच 'लहान शिकार' होतं, आणि त्या शिकारीसाठी परवाना मिळायची सोय कायद्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती सोय काढून टाकली. २०२२ च्या दुरुस्तीनं परिशिष्टांची नव्यानं मांडणी झाली, पण ससा, तित्तर, लावा संरक्षितच राहिले. कायद्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्याही पाहण्यासारखी आहे: मारणंच नव्हे, पकडणं, फासा लावणं, इजा करणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं म्हणजे शिकार. म्हणजे माझं ते जखमी तित्तर मेलं नसतं तरी गुन्हा पुरा झालाच असता. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. दुकानातून बिनपरवाना मिळणारी वस्तू वापरून हा गुन्हा होतो म्हणून पुष्कळांना तो गुन्हा वाटतच नाही. बंदूक ठेवायला परवाना लागत नाही, याचा अर्थ ती जनावरावर झाडायला परवानगी आहे असा नव्हे. ही गोष्ट एअरगनच्या प्रत्येक खोक्यावर मराठीत ठळक छापली जावी, असं मला मनापासून वाटतं.

रानडुकराचा विषय निघाल्याशिवाय आमच्याकडं अशी बैठक संपत नाही. शेजारचे काका येऊन बसले होते. त्यांचा तीन एकर हरभरा रोह्यांनी खाल्ला होता, सोयाबीन डुकरांनी लोळवलं होतं. "ह्या बंदुकीनं डुक्कर पडंल का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या प्रश्नाला मी हसलो नाही. ज्याचं वर्षाचं पीक एका रात्रीत जातं तो हाताला लागेल ते घेतो. पण उत्तर नाही, असंच आहे. डुकराच्या कातडीत आणि चरबीत साडेचार मिलिमीटरचा छर्रा रुतून बसतो. डुक्कर मरत नाही, चिडतं, आणि चिडलेलं डुक्कर सकाळी पाण्याची पाळी द्यायला जाणाऱ्या बाईच्या समोर येतं. कायद्यात उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या जनावराबाबत वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी परवानगीची तरतूद आहे, नुकसानभरपाईचा अर्जही करता येतो. पंचनाम्याच्या चकरा किती होतात हे काकांनी मला सांगायची गरज नव्हती. त्या चकरा कमी झाल्या तर गावातल्या निम्म्या एअरगना आपोआप माळ्यावर जातील. तोवर झटका मशीन आणि रात्रीची राखण एवढंच हाती आहे.

काका गेल्यावर मी भाच्याला सलीम अलींची गोष्ट सांगितली. मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढलेलं अनाथ पोर, दहा-बारा वर्षांचं, मामांनीच दिलेली खेळण्यातली एअरगन. तिनं त्यानं एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तर गळ्यावर पिवळा ठिपका. रोजच्या चिमणीहून वेगळी. ही कोणती, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडं पाठवलं. साहेबांनी ओळख सांगितली, ती रानचिमणी, आणि पक्ष्यांच्या नमुन्यांनी भरलेले कप्पे एकामागून एक उघडून दाखवले. पुढं १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला हिंगोलीचा मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. त्या काळात नमुने गोळा करायला पक्षी मारावेच लागत आणि त्यांनी ते मारले. तरी १९८५ साली आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याचं नाव त्यांनी त्या पहिल्या चिमणीच्या पडण्यावरून ठेवलं. मला त्या गोष्टीत बंदुकीपेक्षा मामा मोठा वाटतो. पोरानं पाखरू दाखवल्यावर तो रागावला नाही, शाबासकीही दिली नाही, 'ही कोणती' याचं उत्तर शोधायला त्यानं त्याला घराबाहेर धाडलं.

एअरगन आपणहून सोडणारेही आहेत. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून एअरगन जमा करायची मोहीम सुरू झाली. तिथं घरोघरी एअरगन, आणि रान असूनही पाखरांचा आवाज नाही, अशी अवस्था झाली होती. हजाराहून जास्त लोकांनी आपणहून बंदुका आणून दिल्या. आमच्या जिल्ह्यात तेवढं रान नाही. माळ आहे, कयाधू-पूर्णेचे काठ आहेत, हिवाळ्यात बदकं उतरतात ते सिद्धेश्वर आणि इसापूरचं पाणी आहे. थोडं आहे म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते. शिवाय छर्रा मारून झाला तरी शिसं तिथंच राहतं. पाणपक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात, खड्यासोबत शिसं गिळतात आणि विषबाधेनं मरतात. युरोपीय संघानं याच कारणानं फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत काडतुसांतले शिशाचे छर्रे वापरायला बंदी घातली.

शिशावरून मी भाच्यालाही रागावलो. तो हात मोकळे राहावेत म्हणून दोन-तीन छर्रे ओठांत धरत होता. ही सवय जुन्या नेमबाजांतही दिसते आणि ती फार वाईट आहे. डबीच्या तळाची करडी भुकटी बोटांना लागते, बोटं भाकरीला लागतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामात दहा मीटर मोजले आणि फरशीवर खडूनं रेघ मारली. सोबत आणलेला स्पर्धेचा कागद त्याला दाखवला. सगळ्यात बाहेरचं वर्तुळ साडेपंचेचाळीस मिलिमीटरचं आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्याला विश्वास बसेना.

"हे दिसतंय तरी का, मामा?"

दिसत नाही, म्हटलं. काळ्या गोलाच्या मध्यावर तो आहे असं मानून मारायचं. अंजली भागवत याच कागदावर नेम धरून २००० साली सिडनीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोचल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत याच प्रकारात जगज्जेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, तुझ्याहून लहान. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं, ते पन्नास मीटरवर ०.२२ च्या रायफलीनं. पण उभं राहून श्वास धरणं आणि घोडा न हिसकता दाबणं सगळीकडं एकच. शालेय स्पर्धांत साध्या माशीच्या रायफलीचाही वेगळा गट असतो. तुझी ही स्प्रिंगची बंदूक त्या दर्जाची नाही, पण शिकायला पुरेल.

त्यानं चपट्या डोक्याची डबी उघडली. पहिले पाच काळ्याच्या बाहेर गेले. त्याचा श्वास चढला होता. मी त्याला बंदूक खाली ठेवून बाहेर चक्कर मारून यायला सांगितलं. आल्यावर तो हळू झाला. छर्रा बसवायच्या आधी घेर बोटाच्या चिमटीत फिरवून बघायला लागला, चेपलेला बाजूला काढायला लागला. पंधराव्याला एक काळ्यात शिरला. मग दोन. मग एक असा, की आम्ही दोघंही कागदाजवळ जाऊन वाकून बघितलं: आठाची रेघ कापली होती.

दुपारी निघताना तो न्हाणीघरात साबणानं हात धुत होता, कोपरापर्यंत. गोल डोक्याच्या छर्र्यांची डबी ताटलीतच राहिली होती. कागद त्यानं गोदामाच्या पत्र्याला, हळदीच्या भावाची पावती टोचतात त्या तारेला लावून ठेवला होता आणि खाली तारीख घातली होती.